काडतुसे मिळतात, बंदूक नाही: 'कॉल ऑफ ड्यूटी'चे आकर्षण

१/ सप्टेंबर १९४२. व्होल्गा नदीच्या पात्रातून शिपायांनी खच्चून भरलेली एक बोट स्टालिनग्राडच्या जळत्या काठाकडे निघाली आहे. वरून जर्मन विमाने झेपावत आहेत. भेदरलेले काही जण पाण्यात उड्या घेतात आणि त्यांचाच अधिकारी त्यांच्यावर गोळ्या झाडतो. काठावर उतरताच शिपायांची रांग लागते. एकाला रायफल मिळते, पुढच्याला फक्त पाच काडतुसे. तुमच्या वाट्याला काडतुसे येतात. बंदूक नाही.

२/ मित्रहो, आजचा धागा एका संगणकीय खेळाविषयी आहे. हा प्रसंग २९ ऑक्टोबर २००३ रोजी प्रकाशित झालेल्या 'कॉल ऑफ ड्यूटी' या खेळातला. पुढे त्याची मालिका झाली आणि तिच्या ४० कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्याचे निर्मात्या कंपनीनेच जाहीर केले. २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती कंपनी विकत घेतली. त्या व्यवहारावर अमेरिका आणि ब्रिटनमधील नियामकांनी घेतलेल्या आक्षेपांच्या केंद्रस्थानी ही एकच मालिका होती, आणि तिच्यावरून मोठमोठे वकील महिनोन्महिने भांडत होते.

३/ इतके आकर्षण कशाचे? घरातील वडीलधाऱ्यांचे उत्तर ठरलेले असते: मारामारीचे. हे उत्तर पूर्ण चुकीचे नाही. पण त्याने फारसे काही उलगडत नाही. १९९३ च्या 'डूम'नेच खेळाडूच्या डोळ्यांसमोर बंदूक धरून पुढे सरकण्याचा हा प्रकार घराघरांत पोहोचवला होता, आणि त्यात समोर होते ते मंगळाच्या चंद्रावरील राक्षस. केवळ गोळ्या झाडण्यात मौज असती तर राक्षस पुरेसे होते. मग पुढच्या दशकात खेळाडूंना नॉर्मंडीचा किनारा, स्टालिनग्राडचे भग्न कारखाने आणि राइशस्टागच्या पायऱ्या का हव्याशा वाटल्या? या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर थोडे मागे जावे लागेल.

४/ युद्धाचा खेळ ही कल्पना फार जुनी. आपल्या चतुरंगात हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ होते. खेळणारा मात्र नेहमी राजाच्या जागी बसलेला. १८२४ मध्ये प्रशियाच्या सैन्यात राइसविट्झ नावाच्या तरुण अधिकाऱ्याने नकाशा, फासे आणि पंच यांच्या साहाय्याने खेळायचा 'क्रीगश्पील' मांडला. तो अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी होता. १९१३ मध्ये एच. जी. वेल्स यांनी शिशाच्या शिपायांनी दिवाणखान्यात खेळायच्या लढाईचे नियम पुस्तकरूपाने छापले. या सर्व खेळांत एक गोष्ट समान आहे. खेळणारा वरून पाहतो. तो सेनापती असतो. पटावरून उचलून बाजूला ठेवलेल्या प्याद्याला काय वाटले, हा प्रश्न तेथे उद्भवतच नाही.

५/ इतिहासलेखनही बराच काळ असेच वरून पाहत होते. आपल्या बखरी आठवा. कोणता सरदार कोणत्या बाजूला उभा होता, हत्ती कोणाचा, निशाण कोणाचे, हे तपशिलाने येते. भालाईत पायदळातला माणूस मात्र 'फौज' या एका शब्दात सामावून जातो. १९७६ मध्ये जॉन कीगन या इंग्रज इतिहासकाराने 'द फेस ऑफ बॅटल' हे पुस्तक लिहिले आणि हा दृष्टिकोन उलटा केला. कीगन सँडहर्स्टच्या लष्करी अकादमीत शिकवत. स्वतः मात्र त्यांनी कधी लढाई पाहिली नव्हती, आणि त्याची कबुली ते पुस्तकाच्या आरंभीच देतात. अजिंकूर, वॉटर्लू आणि सोम या तीन लढायांविषयी त्यांनी विचारलेला प्रश्न असा होता: तेथे उभ्या असलेल्या माणसाला काय दिसत होते, काय ऐकू येत होते, आणि तो पळून का गेला नाही?

६/ माझ्या मते 'कॉल ऑफ ड्यूटी'चे मूळ आकर्षण याच प्रश्नात आहे. 'तेथे असणे म्हणजे काय होते?' इतिहासाची गोडी लागलेल्या प्रत्येकाला हा प्रश्न कधी ना कधी छळतो. रायगडाच्या पायऱ्या चढताना तो छळतो, जुन्या तोफेवर हात ठेवला की छळतो. पुस्तक त्याचे उत्तर हळूहळू आणि अपुरे देते. हा खेळ ते पाच मिनिटांत, कानठळ्या बसवून देतो. ते उत्तर कितपत खरे आहे, याकडे नंतर येऊ.

७/ या उत्तराची वाट चित्रपटाने तयार केली. १९९८ मध्ये स्टीव्हन स्पीलबर्गचा 'सेव्हिंग प्रायव्हेट रायन' आला. ओमाहा किनाऱ्यावरील त्याची आरंभीची दृश्ये पाहून प्रेक्षक सुन्न झाले. त्याच सुमारास स्पीलबर्गच्याच कल्पनेतून 'मेडल ऑफ ऑनर' हा खेळ आकाराला आला आणि १९९९ मध्ये बाजारात उतरला. २००२ मध्ये त्याच मालिकेतल्या 'अलाइड असॉल्ट'ने ओमाहाचा किनारा खेळाडूच्या पायांखाली आणून ठेवला. हा भाग ओक्लाहोमातील एका छोट्या कंपनीने बनवला होता. तेथील २२ जण बाहेर पडले, त्यांनी 'इन्फिनिटी वॉर्ड' ही नवी संस्था काढली, आणि आपल्याच जुन्या खेळाला टक्कर देणारा खेळ रचला. तोच पहिला 'कॉल ऑफ ड्यूटी'.

८/ नव्या खेळात बदलले काय? 'मेडल ऑफ ऑनर'चा नायक बहुतांशी एकटा असे. शत्रूच्या गोटात शिरून एकहाती कामगिरी फत्ते करणारा. 'कॉल ऑफ ड्यूटी'त तुमच्या आजूबाजूला माणसे आहेत. ती ओरडतात, पडतात, तुमच्याआधी धावतात, कधी तुमच्याच नेमाच्या आड येतात. युद्धात कोणीही एकटा लढत नाही, हे या खेळाचे घोषवाक्यच होते. शिवाय कथा एका देशाची नव्हती. आधी अमेरिकन छत्रीधारी, मग ब्रिटिश, मग लाल सैन्यातला शिपाई, आणि शेवट बर्लिनमध्ये. जवळ तोफगोळा फुटला की आवाज विरतो, कानात शीळ घुमते, दृश्य डळमळते. हे तंत्र आज सर्वत्र दिसते. तेव्हा ते अंगावर येत असे. आमच्या पिढीने हे सारे सायबर कॅफेतील घामट हेडफोन लावून ऐकले आहे.

९/ पेगासस पुलाचा भाग घ्या. ६ जून १९४४ च्या मध्यरात्रीनंतर अवघ्या सोळा मिनिटांनी मेजर जॉन हॉवर्ड यांची ग्लायडर विमाने नॉर्मंडीत कां कालव्यावरील पुलाशेजारी उतरली. इंजिन नसलेली ती लाकडी विमाने अंधारात पुलापासून काही पावलांवर आणून टेकवणे ही त्या रात्रीची एक अद्भुत कामगिरी होती. काही मिनिटांत पूल हाती आला. खरी कसोटी त्यानंतरची होती: कुमक येईपर्यंत तो राखायचा. खेळातही हे दोन टप्पे आहेत. रात्रीचा हल्ला पटकन संपतो. दिवसाचा बचाव मात्र संपता संपत नाही. मदत कधी येणार हे कळत नाही. मला खेळातला हा भाग सर्वांत प्रामाणिक वाटतो, कारण त्यात पराक्रमापेक्षा वाट पाहणे अधिक आहे.

१०/ आता पुन्हा व्होल्गेच्या काठावर येऊ. एकाला रायफल, दुसऱ्याला काडतुसे, हे दृश्य खेळकर्त्यांनी जवळजवळ जसेच्या तसे 'एनिमी ॲट द गेट्स' (२००१) या चित्रपटातून उचलले आहे. १९४१ च्या उन्हाळ्यातील पीछेहाटीत काही सोव्हिएत तुकड्यांकडे हत्यारांचा तुटवडा होता, हे खरे. स्टालिनग्राडला निघालेल्या काही शिपायांना अगदी ऐनवेळी रायफली मिळाल्या, हेही खरे. पण निःशस्त्र माणसांना रांगेत उभे करून यंत्रबंदुकांच्या तोंडी देणे ही तेथील रीत नव्हती. नदी ओलांडून गेलेल्या रोदिमत्सेव्ह यांच्या १३ व्या गार्ड्स डिव्हिजनने घराघरांत, तळघरांत चिवट लढत दिली, ती हातात हत्यार घेऊनच.

११/ आणि माघार घेणाऱ्यांवर मागून झाडलेल्या गोळ्या? २८ जुलै १९४२ चा स्टालिनचा आदेश क्रमांक २२७, 'एक पाऊलही मागे नाही' म्हणून प्रसिद्ध असलेला, निर्विवादपणे क्रूर होता. त्यानुसार आघाडीच्या पाठीमागे अडवणूक पथके उभी केली गेली. परंतु सोव्हिएत गुप्त पोलिसांच्याच अहवालातील आकडे पाहा. १ ऑगस्ट ते १५ ऑक्टोबर १९४२ या काळात सर्व आघाड्यांवर मिळून या पथकांनी १,४०,७५५ जणांना अडवले. त्यांपैकी १,१८९ जणांना गोळ्या घातल्या गेल्या, सुमारे तीन हजार जण दंडपथकांत गेले आणि १,३१,०९४ जणांना त्यांच्या तुकड्यांकडे किंवा संक्रमण छावण्यांकडे परत पाठवण्यात आले. अकराशेहून अधिक माणसे आपल्याच लोकांच्या हातून मेली, ही भीषण गोष्ट आहे. पण सव्वा लाखाहून अधिक माणसे परत गेली, हे चित्र चित्रपटात नाही आणि म्हणून खेळातही नाही.

१२/ यावर कोणी म्हणेल, खेळच तो, एवढे काय मनावर घ्यायचे? रशियनांनी ते मनावर घेतले. २०१३ मध्ये 'कंपनी ऑफ हीरोज २' या दुसऱ्या एका खेळात लाल सैन्याचे असेच चित्रण आले, तेव्हा तेथे इतका संताप उसळला की वितरकाने त्या खेळाची विक्री थांबवली. ज्या देशाने त्या युद्धात अडीच कोटींहून अधिक माणसे गमावली, तेथील नातवंडांना आपले आजोबा असे मेंढरांसारखे हाकलेले पाहवेनात. त्या संतापाचा राजकीय वापरही झाला. तो वेगळा विषय. पण त्यामागचे दुःख खोटे नव्हते.

१३/ खेळाचे उत्तर खरे किती, हे तपासताना त्याने काय जोडले यापेक्षा काय वगळले हे पाहणे अधिक उद्बोधक ठरते. २००५ च्या दुसऱ्या भागात जखमेचा हिशेब ठेवणारी पट्टीच काढून टाकली गेली. गोळी लागली की पडद्याच्या कडा लाल होतात. भिंतीआड काही क्षण श्वास घ्या, की तुम्ही पुन्हा धडधाकट. युद्धात जखमी झालेल्याचे काय होते, तो रणांगणावरून कसा हलवला जातो, किती दिवस खाटेवर पडून राहतो, हा महायुद्धाच्या इतिहासातला एक प्रचंड भाग एका लाल झाकेत विरून गेला. खेळाचा वेग मात्र दुप्पट झाला, आणि खेळाडूला तेच हवे होते.

१४/ त्याहून महत्त्वाची वगळलेली गोष्ट म्हणजे अज्ञान. खऱ्या शिपायाला बहुधा काहीच कळत नसे. गोळी कुठून आली, शेजारची तुकडी आहे की गेली, आपण जिंकतो आहोत की हरतो आहोत, सारेच अंधारात. पहिल्या 'कॉल ऑफ ड्यूटी'च्या सामूहिक खेळात एक नवी सोय होती. तुम्ही मेलात की तुम्हाला मारणाऱ्याच्या डोळ्यांनी तुमचा मृत्यू पुन्हा दाखवला जाई. तो कोठे दबा धरून होता, तुम्ही कोठे चुकलात, सारे स्पष्ट. मग काही सेकंदांत तुम्ही परत मैदानात. इतिहासातल्या कोणत्याही शिपायाला ही सोय मिळालेली नाही. एकाच फेरीत वीसदा मरून वीसदा शिकता येणे, हे या खेळाचे खरे व्यसन आहे असे मला वाटते. 'तेथे असणे' हे आमिष; 'तेथे असूनही सारे कळणे' हा त्यातला गोडवा.

१५/ २००७ च्या चौथ्या भागाने महायुद्ध सोडले आणि वर्तमानकाळात पाऊल टाकले. सामूहिक खेळात आता ५५ पायऱ्यांची हुद्द्यांची शिडी आली. प्रत्येक पायरीला नवे हत्यार, नवी खूण, नवे कौशल्य. न मरता तीन बळी घेतले की टेहळणी विमान, पाच घेतले की बॉम्बहल्ला, सात घेतले की हेलिकॉप्टर. यात इतिहासाच्या विद्यार्थ्याला नवल वाटू नये. १८०२ मध्ये नेपोलियनने 'लिजन ऑफ ऑनर' हा सन्मान स्थापन केला, तेव्हा फितीच्या तुकड्यासाठी माणूस काय काय करील याचा त्याला नेमका अंदाज होता. कॅलिफोर्नियातील खेळकर्त्यांनी तीच फीत दर पंधरा मिनिटांनी वाटायला सुरुवात केली, इतकेच.

१६/ पण याच चौथ्या भागात मालिकेतील, माझ्या मते, सर्वोत्तम क्षण आहे. अमेरिकन सैनिक म्हणून तुम्ही तासभर लढलेले असता. अणुस्फोट होतो. तुमचे हेलिकॉप्टर कोसळते. शुद्धीवर येऊन तुम्ही सरपटत बाहेर पडता, धुळीने भरलेल्या आकाशाखाली चार पावले टाकता आणि मरता. कोणतेही बटण दाबून काही होत नाही. पुन्हा संधी नाही. एरवी प्रत्येक मृत्यूला उत्तर देणारा खेळ येथे गप्प राहतो. याच खेळात एका ठिकाणी तुम्ही विमानातून काळ्या-पांढऱ्या पडद्यावर खालच्या माणसांचे ठिपके टिपता, आणि १९९१ च्या आखाती युद्धात दूरचित्रवाणीवर पाहिलेली चित्रफीत आठवते. ते काम इतके सोपे करून ठेवले आहे की खेळून झाल्यावर अस्वस्थ व्हावे.

१७/ पुढील भागांत ही अस्वस्थता पातळ होत गेली. २०१९ च्या भागात तर इतिहासाशी सरळ हातचलाखी झाली. 'हायवे ऑफ डेथ' हे नाव फेब्रुवारी १९९१ मध्ये कुवेतहून बसऱ्याकडे जाणाऱ्या महामार्गाला पडले. माघार घेणाऱ्या इराकी ताफ्यांवर अमेरिकेच्या नेतृत्वाखालील विमानांनी तेथे बॉम्बफेक केली होती. खेळाने एका काल्पनिक देशात याच नावाचा रस्ता निर्माण केला आणि तेथील बॉम्बफेकीचे पाप रशियनांच्या माथी मारले. देश काल्पनिक आहे, असा बचाव करता येतो. मग नाव तरी खरे कशाला घ्यावे? ज्या पोराने १९९१ विषयी काही वाचलेले नाही, त्याच्या मनात ते नाव आता भलत्याच गुन्हेगारासह राहील.

१८/ शेवटी आपल्याशी थेट संबंध असलेली गोष्ट. २००५ च्या त्याच दुसऱ्या भागात ब्रिटिश शिपाई होऊन तुम्ही ट्युनिशियातील मातमाता डोंगराळ भागात, तूजान गावाच्या गल्ल्यांत लढता. त्या कथेत भारतीय तुकड्यांना स्थान नाही. प्रत्यक्षात मार्च १९४३ च्या अखेरीस याच मातमाता डोंगरांतून वाट काढत पुढे गेली ती चौथी भारतीय डिव्हिजन. पुढच्याच आठवड्यात वादी अकारित येथे गुरख्यांनी रात्रीच्या अंधारात कडा चढून जर्मन-इटालियन फळी फोडली आणि सुभेदार लालबहादूर थापा यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या महायुद्धात भारतीय सैन्याची संख्या २५ लाखांवर गेली होती. सुमारे ८७ हजार परतले नाहीत. 'तेथे असणे म्हणजे काय होते' याचे उत्तर देणाऱ्या खेळातून, तेथे असलेली इतकी माणसे गळून पडली आहेत.

१९/ त्यांतले एक नाव महाराष्ट्राने तरी विसरू नये. नाईक यशवंत घाडगे, तिसरी बटालियन, पाचवी मराठा लाइट इन्फंट्री. गाव पळसगाव, तालुका माणगाव, तेव्हाचा कुलाबा जिल्हा. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर अगदी जवळून यंत्रबंदुकीचा मारा झाला. घाडगे सोडून तुकडीतला प्रत्येक जण ठार किंवा जखमी झाला. ते एकटे मोर्चावर धावून गेले. हातबॉम्बने बंदूक आणि ती चालवणारा निकामी केला, एकाला टॉमीगनने टिपले. मॅगझिन रिकामे झाले. नवे भरायला वेळ नव्हता. त्यांनी बंदूक नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना तिच्या दस्त्याने मारले. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या लागून ते त्याच मोर्चात कोसळले. वय २२.

२०/ नऊ महिन्यांनी, ९ एप्रिल १९४५ रोजी, सेनियो नदीच्या काठी पाचव्या मराठाच्याच पहिल्या बटालियनमधील शिपाई नामदेव जाधव यांनी दोन जखमींना खोल पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून एकेक करून मागे आणले. मग ते परत गेले. हाताला गोळी लागल्यामुळे बंदूक चालवता येईना, तेव्हा ती टाकून हातबॉम्बने मोर्चे शांत केले आणि बंधाऱ्यावर उभे राहून, मराठ्यांची रणगर्जना करीत, उरलेल्या कंपन्यांना नदी ओलांडण्याची खूण केली. जाधव जगले. तेव्हाच्या नगर जिल्ह्यातील निमज हे त्यांचे गाव. १९८४ साली त्यांचे निधन झाले.

२१/ 'कॉल ऑफ ड्यूटी'त मॅगझिन बदलण्यासाठी कळफलकावरील 'आर' हे अक्षर दाबावे लागते. साधारण दोन सेकंद लागतात. घाडगे यांच्या व्हिक्टोरिया क्रॉसच्या मानपत्रात, तेवढा वेळ त्यांना मिळाला नाही, ही नोंद स्वतंत्रपणे केलेली आहे. त्यांचा पुतळा माणगावात आहे. मुंबई-गोवा महामार्गाने कोकणात उतरताना गाव वाटेतच लागते.